‘न्याय’ आणि ‘स्वधर्म’ : प्लेटोच्या एका व्याख्येचा अनुवाद

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या मराठी अनुवादकापुढे पहिली अडचण उभी राहते ती त्यातील मध्यवर्ती शब्दाचीच. ‘दिकाइओस्यूने’ या ग्रीक शब्दात जसा निवाड्यातील न्याय येतो, तसा माणसाच्या एकंदर वर्तनातील सरळपणाही येतो. आपला ‘न्याय’ हा शब्द निवाड्याकडे अधिक झुकतो. ‘धर्म’ हा शब्द व्याप्तीने मूळाच्या जवळचा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

हा धोका एकांतात ग्रंथ वाचताना मला जाणवला नव्हता. भिलाईतील आमच्या लहानशा वाचनमंडळात तो ध्यानी आला. चौथ्या खंडात सॉक्रेटिस न्यायाची व्याख्या करतो ती अशी की, ज्याने त्याने आपले काम करावे व दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये. मी मसुद्यात तेथे ‘स्वधर्माचरण’ हा शब्द योजिला होता. तो ऐकताच मंडळींनी समाधानाने माना डोलावल्या. गीतेतला विचार ग्रीकांनाही सुचला होता तर! ज्यांचे आयुष्य ब्लास्ट फर्नेसपाशी गेले असे एक वयोवृद्ध सभासद मात्र म्हणाले, “पण आपलं काम कोणतं, हे ठरवलं कोणी?”

प्लेटोच्या ग्रंथात हा प्रश्न मिटलेला नाही. तिसऱ्या खंडातील धातूंच्या कथेप्रमाणे राज्यकर्त्यांच्या घडणीत सोने, त्यांच्या सहायक योद्ध्यांच्या घडणीत चांदी आणि शेतकरी-कारागिरांच्या घडणीत लोखंड व कांसे मिसळलेले असते. १९५९ साली पहिली भट्टी पेटल्यापासून जी नगरी लोखंडावर उभी आहे, तेथे लोखंडाचे हे स्थान वाचताना श्रोते किंचित हसले, यात नवल नाही. पण ही कथा म्हणजे रचलेले असत्य आहे, हे सॉक्रेटिस स्वतःच कबूल करतो. आणि लोखंडाच्या पोटी सोने उपजले, तर त्या मुलाला वरच्या वर्गात चढवावे, असेही बजावतो. जन्म हे त्याच्या लेखी अंतिम प्रमाण नव्हे. ‘स्वधर्म’ म्हणताच मराठी वाचकाला जन्मसिद्ध वर्ण ऐकू येतो आणि मूळातील ही महत्त्वाची सूट पुसली जाते.

एवढ्याने प्लेटो निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. डॉ. आंबेडकरांनी लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या, १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोचाही समाचार घेतला आहे. प्रत्येक व्यक्ती इतरांहून अनन्यसाधारण असते, याची प्लेटोला जाणीव नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप. माणसांची तीन ठराविक वर्गांत वाटणी होऊ शकते, हे गृहीतच त्यांना अमान्य आहे. जन्माऐवजी गुण हा निकष मानला, तरी कप्पे उरतात आणि ते ठरविणारा अधिकारीही उरतो. आमच्या सभासदाचा प्रश्न नेमका तेथेच जाऊन भिडतो.

तेव्हा अनुवादकाने येथे प्लेटोचा बचाव करू नये आणि त्याला आपल्या परंपरेची वस्त्रेही नेसवू नयेत. मी आता ‘न्याय’ हाच शब्द ठेवला आहे आणि त्याची व्याख्या ‘ज्याने त्याने आपले काम करणे’ अशी साधी केली आहे. ती कानाला गोड लागत नाही. परंतु तिच्यापाशी थांबून, ‘आपले म्हणजे कोणते?’ असे विचारावयास वाचकाला जागा राहते.