बंद शवपेट्यांचे अंतरंग : न्यूट्रॉन प्रतिमांकन आणि अर्थनिर्णयनाच्या मर्यादा

इजिप्तमधून आणलेल्या ममींची वेष्टने प्रेक्षकांसमोर उलगडून दाखविणे हा एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये एक लोकप्रिय कार्यक्रम होता. थॉमस पेटिग्रू या शल्यविशारदाने १८३० च्या दशकात लंडनमध्ये असे जाहीर प्रयोग केले. त्यांतून ज्ञान किती मिळाले आणि पुरावा किती नष्ट झाला, याचा हिशेब आज मांडता येत नाही. १८९५ मध्ये राँटजेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि लगेच १८९६ मध्ये फ्रँकफर्ट येथे वाल्टर कोनिग याने एका बालकाच्या व एका मांजराच्या ममीची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. न उघडता पाहण्याची सोय अशी सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली. उघडण्याचा मोह मात्र सुटला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सक्कारा येथे सापडलेल्या ५९ बंद शवपेट्यांपैकी एक पेटी पत्रकार व कॅमेरे यांच्या साक्षीने उघडण्यात आली, ही घटना त्या दृष्टीने बोलकी आहे.

या पार्श्वभूमीवर ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले अध्ययन विशेष विचारार्ह ठरते. म्युझियमच्या संग्रहातील तांब्याच्या मिश्रधातूच्या सहा बंद पेट्या हा त्याचा विषय होय. काही पेट्यांवर सरड्याची प्रतिमा आहे, तर काहींवर मानवी मस्तक असलेली, अर्धी वाम माशाची व अर्धी नागाची आकृती आहे. पेट्यांचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. ६५० ते २५० असा मानला जातो. त्या प्राण्यांच्या शवपेट्या आहेत हे आधीपासून गृहीत होते; परंतु आत काय आहे हे क्ष-किरणांना नीट सांगता आले नव्हते. जाड धातू, आणि त्यातही शिसे, क्ष-किरणांना अडवितो. न्यूट्रॉनांचे वर्तन याच्या जवळजवळ उलट आहे. शिसे आणि तांबे यांतून ते बऱ्याच अंशी आरपार जातात, आणि हायड्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्यात मात्र अडतात. त्यामुळे धातूच्या कवचातील कापड किंवा हाडे यांची प्रतिमा उमटू शकते. हे काम इंग्लंडमधील 'आयसिस' या न्यूट्रॉन केंद्रात झाले.

तीन पेट्यांत हाडे आढळली. त्यांपैकी एक अखंड कवटी, उत्तर आफ्रिकेतील जातींचा समावेश असलेल्या सरड्यांच्या एका गटाशी आकारमानाने जुळते. आणखी दोन पेट्यांत विघटित हाडांच्या खुणा दिसल्या. तीन पेट्यांत कापडाचे, बहुधा तागाच्या वस्त्राचे, अवशेष आहेत. हा अध्ययनाचा सर्वांत भक्कम भाग आहे. कवटीच्या बाबतीतही 'आकारमानाने जुळते' याहून पुढे लेखक गेलेले नाहीत, हा संयम दाद देण्याजोगा आहे.

शिशाच्या विवेचनात हा संयम काहीसा सैल होतो. टांगण्याच्या कड्या नसलेल्या तीन पेट्यांत शिसे आढळले. दोन पेट्यांत ते भाराचे संतुलन साधण्यासाठी आणि तिसरीत छिद्र बुजविण्यासाठी वापरले असावे, हे स्पष्टीकरण कारागिरीच्या अंगाने पटण्यासारखे आहे. कड्या असलेल्या हलक्या पेट्या मंदिराच्या भिंतींवर, मूर्तींवर किंवा मिरवणुकीतील नौकांवर टांगल्या जात असाव्यात, हा तर्कही ग्राह्य वाटतो. तथापि शिशाला प्राचीन इजिप्तमध्ये जादूचे द्रव्य मानत, प्रेमाचे तोडगे व शाप यांसाठी ते वापरले जाई, म्हणून येथेही त्याची निवड झाली असावी, ही सूचना प्रतिमेतून निघत नाही. ती ग्रंथांतून आणून प्रतिमेवर ठेवलेली आहे. छिद्र बुजविणाऱ्या कारागिराला शिसे हाताशी असणे आणि ते लवकर वितळणे एवढेही पुरेसे असू शकते. लेखकांनी ही केवळ शक्यता म्हणून मांडली आहे, हे न्यायाने नोंदविले पाहिजे.

मँचेस्टर येथील प्रकल्पाचा अनुभव येथे ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे ८०० हून अधिक प्राणी-ममींचे प्रतिमांकन झाले आणि सुमारे एकतृतीयांश ममींत प्राण्याचे अवशेषच नसल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. वृत्तपत्रांनी लगेच पुरोहितांच्या फसवणुकीच्या कथा रचल्या. गवत, चिखल, घरट्यातील पिसे अशा प्राण्याच्या सहवासातील वस्तूंनाही पावित्र्य असू शकते, ही संशोधकांची बाजू त्या गदारोळात मागे पडली. आत हाड नाही एवढेच यंत्राने सांगितले होते. 'बनावट' हा शब्द वाचणाऱ्याचा होता.

मुंबईकर प्रेक्षकांनाही या तंत्राचा परिचय झालेला आहे. २०१२-१३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचे जे ममी-प्रदर्शन भरले होते, त्याचा नायक नेस्पेरेन्नब हा कर्नाकचा पुरोहित होता. त्याच्या मस्तकावर एक मातीचे ओबडधोबड भांडे राळेने चिकटून राहिल्याचे सी.टी. स्कॅनमुळे कळले. बहुधा शवसंस्कार करणाऱ्यांच्या हातून झालेली ती चूक असावी. धर्मविधीत अशी साधी मानवी चूकही असू शकते, हे शिशाच्या प्रश्नाचा विचार करताना विसरता येत नाही.

'अविनाशक' या विशेषणाकडेही थोडे सावधपणे पाहावे लागते. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने वस्तू काही काळ किरणोत्सारी होते. तांब्याच्या एका समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे पावणेतेरा तासांचा आहे, आणि ती क्रिया ओसरेपर्यंत वस्तू वेगळी ठेवणे भाग असते. भाजलेल्या मातीला किरणांची जादा मात्रा मिळाली, तर तिचे ऊष्मादीप्ती पद्धतीने होणारे कालमापन पुढे बिघडू शकते. ओतीव धातुवस्तूंत मातीचा गाभा कित्येकदा शिल्लक असतो, म्हणून ही बाब अगदीच गौण नाही. पेटी फोडण्याशी या हानीची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण प्रतिमांकनाच्या आधी कोणते नमुने घ्यावेत याचा क्रम ठरविण्याइतकी ती खरी आहे.

सहांपैकी तीन पेट्या नॉक्राटिस येथील असून दोन तेल एल्-यहुदियेहच्या आहेत. उरलेली एक पेटी कोठून आली याची नोंद नाही. त्या कोणत्या मंदिरात होत्या, भिंतीवर टांगलेल्या होत्या की जमिनीत पुरलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी काय होते, हे प्रश्न पेटीच्या बाहेरचे आहेत, आणि त्यांची उत्तरे न्यूट्रॉनांच्या झोतापाशी नाहीत.