'काहेरा'ची तलवार

'काहेरा' म्हणजे कैरो, आणि मात करणारीही. इजिप्तच्या दीना मोहम्मद यांनी २०१३ साली स्वतः रेखाटून इंटरनेटवर भागाभागाने दिलेल्या चित्रकथेची ही हिजाबधारी नायिका. छेड काढणाऱ्यांना ती चोपते, तिला 'मुक्त' करायला धावलेल्या पाश्चात्त्य स्त्रियांनाही सोडत नाही. ही दुहेरी चीड अस्सल आहे. मुंब्र्याहून लोकलने ठाण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ती परकी वाटणार नाही. पण तलवार उपसली की प्रश्न फार लवकर सुटतो. मुलीचं घर, तिची अम्मी चौकटीबाहेरच राहतात. दीनांनी संवाद आधी इंग्रजीत लिहिले, मग अरबीत. आपल्याकडे कल्याणच्या कोकणी मुसलमान घरातल्या एखादीने अशी मालिका काढली, तर अम्मी कोकणीत बोलेल, शिक्षिका मराठीत, मौलाना उर्दूत. भांडण तिथूनच सुरू होईल, तलवारीशिवाय.