बिऱ्हाड पाठीवर

पाठीवर बिऱ्हाड घेऊन आशिया पालथा घालणाऱ्यांचीं प्रवासवर्णनें आतां उदंड झालीं आहेत. त्यांतून शहरांची यादी हातीं लागते, शहर लागत नाहीं. निकोला बूव्हिए या स्विस लेखकाचें ‘ल्युझाज द्यु मोंद’ (१९६३) हें फ्रेंच पुस्तक त्या पंक्तींत बसत नाहीं, याचें श्रेय आम्ही त्यांतील लांबलेल्या मुक्कामांस देतों. १९५३ सालीं चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने याजबरोबर लहानशा फियाट मोटारींतून तो बेलग्रेडहून निघाला, व खैबरखिंड गांठावयास त्याला १९५४ ची अखेर उजाडली! बर्फानें वाटा अडल्यामुळें दोघांनीं सारा हिवाळा इराणांतील तब्रीझ येथें आर्मेनियन वस्तींत काढला. बूव्हिएनें फ्रेंचच्या शिकवण्या केल्या, व्हेर्नेनें चित्रें काढलीं. पोटासाठीं गांवाशीं व्यवहार करावा लागला, म्हणूनच तेथील माणसें या पानांत पाहुण्यासाठीं सजून बसलेलीं दिसत नाहींत. या हिवाळ्याचें हस्तलिखित पुढें क्वेट्टा येथें केरांत गेलें. उकिरडा उपसूनहि हातीं न आल्यानें तें पुन्हा लिहावें लागलें. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. वसंत येतांच आपण मोटार हांकून निघूं शकतों, शेजाऱ्यांस तें शक्य नाहीं, या विचारापाशीं लेखक हवा तितका थांबत नाहीं.