जिथे अपील नाही : 'द काउन्सेलर' या चित्रपटाविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन तऱ्हेचे निरोप आले. एक, "सर, इतका भिकार सिनेमा तुम्ही का निवडलात?" आणि दुसरा, "सर, अखेर कोणीतरी या सिनेमावर बोलतंय!" मधलं मत कोणाचंच नाही. हा चित्रपट २०१३च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लागला, तेव्हापासून त्याचं हे असंच चाललेलं आहे. पहिल्या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोरने त्याला 'डी' दर्जा दिला, म्हणजे जवळजवळ नापास. 'सलॉन'च्या अँड्र्यू ओ'हेहिर यांनी तर आजवरच्या चित्रपटांतला सर्वांत वाईट म्हणून त्याची संभावना केली. उलट 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मनोला दार्गिस आणि 'व्हरायटी'चे स्कॉट फाउंडस यांनी त्याची हिरीरीने बाजू घेतली.

आमची कबुली आधीच देऊन टाकतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मध्येच आमचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा एक मोटारसायकलस्वार मरत होता आणि तो कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आज आम्ही जे सांगणार आहोत ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पाहण्यातलं आहे.

पटकथा कॉर्मॅक मॅकार्थी यांची. कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव मोठं. त्यांच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'वर कोएन बंधूंनी २००७ साली केलेला चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. इथे मात्र त्यांनी थेट पडद्यासाठी लिहिलं. दिग्दर्शक रिडली स्कॉट. चित्रपट लागला तेव्हा लेखक ऐंशीचे आणि दिग्दर्शक पंचाहत्तरीचे होते. दोन म्हाताऱ्यांनी मिळून केलेलं हे काम आहे आणि ते म्हाताऱ्यांसारखंच बोलतं. म्हणजे खूप बोलतं. आम्हाला हे बोलायला हरकत नसावी.

कथा दोन मिनिटांत सांगतो. टेक्ससमधलं एल पासो हे शहर, नदीपलीकडे मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ. एल पासोत एक वकील आहे. मायकल फासबेंडरने केलेल्या या पात्राला नावच नाही. सगळे त्याला 'काउन्सेलर' म्हणतात, आपल्याकडे 'वकीलसाहेब' म्हणतात ना, तसं. त्याचं लॉरावर प्रेम आहे, तिच्यासाठी तो अॅमस्टरडॅमहून हिरा आणतो. पैशाची ओढाताण आहे आणि कोकेनच्या एका खेपेत तो भागीदार होतो. एकदाच, एवढंच. माल मैल्याच्या टँकरमध्ये पिंपांत दडवून सीमेपलीकडून येणार असतो. टँकर वाटेत लुटला जातो. टोळीला वाटतं की यात वकिलाचा हात आहे. मग एकेक माणूस मरतो, आणि शेवटी लॉरा.

यावर पहिला आक्षेप असा की वकील या धंद्यात पडायचं ठरवतो कधी, हे दाखवलेलंच नाही. तो भागीदारीत येतो, पण होकार देताना आपल्याला दिसत नाही. समीक्षक म्हणाले, पटकथेत भगदाड आहे. आम्हाला वाटतं, चित्रपटाचा प्राण त्याच भगदाडात आहे.

आपण आपल्या आयुष्यातले निर्णय कसे आठवतो ते बघा. 'त्या क्षणी मी ठरवलं' असं आपण नंतर म्हणतो. प्रत्यक्षात तसा क्षण सहसा नसतोच. कल्पना मनात रुळते, तिची सवय होते, आणि एके दिवशी लक्षात येतं की आपण केव्हाच पलीकडे जाऊन बसलो आहोत. हिरेव्यापारी त्याला हिऱ्यातल्या दोषाविषयी बोलतो. रायनर नावाचा भागीदार सावध करतो. वेस्ट्रे नावाचा मध्यस्थ तर स्पष्टच सांगतो की या लोकांविषयी तुझी जी कल्पना आहे त्याच्या पलीकडचे हे लोक आहेत. वकील सगळ्यांचं ऐकतो. पण कसं ऐकतो? वकील अशिलाचं ऐकतो तसं. लक्षपूर्वक, सहानुभूतीने, आणि हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी आहे या खात्रीने. फासबेंडरने हे ऐकणं फार बारकाईने केलंय. त्याच्या चेहऱ्यावर एक सभ्य हसू असतं. ते पुसलं जातं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता जी गोष्ट त्याला बुडवते ती कोणती? कोकेन? नाही. तुरुंगात त्याची एक अशील आहे, रूथ नावाची. तिचा मुलगा मोटारसायकल भन्नाट वेगात हाकल्याबद्दल अडकलाय. दंड 400 डॉलर. वकील तो भरतो आणि पोराला सोडवतो. उपकार म्हणून, थोडा गमतीत. तो मुलगा या वाहतुकीतला निरोप्या निघतो. रस्त्यावर ताणलेल्या तारेने त्याचं डोकं उडवलं जातं, टँकर लुटला जातो, आणि टोळी विचारते, या पोराला बाहेर काढलं कोणी? मोठ्या पापाची शिक्षा छोट्या पुण्याच्या पत्त्यावर येऊन पोचते, असं म्हणा हवं तर.

इथे आमचा स्वतःचा एक किस्सा सांगायला हवा. आम्ही नोकरीत असताना एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीनदार राहिलो. महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, चहाचा कप एका हातात धरून, दुसऱ्या हाताने सही केली. कागद वाचलाही नाही. पुढे तो सहकारी हप्ते भरेनासा झाला आणि पतसंस्थेची वसुली आमच्या पगारातून सुरू झाली. सहा वर्षं. घरी हिचं म्हणणं एकच, "सही करताना काय विचार केलात?" आणि खरं उत्तर असं होतं की काहीच केला नव्हता. नीतिशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे उत्तर देणं जड गेलं. गुन्हा नव्हता, रक्त नव्हतं, फक्त पगाराची चिठ्ठी दर महिन्याला बारीक होत होती. पण त्या चारशे डॉलरांपाशी आम्ही दुसऱ्या वेळी खुर्चीत सरसावून बसलो, त्याचं कारण हे.

अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या पुस्तकात दगडाचं उदाहरण दिलंय. दगड एकदा हातून सुटला की परत घेता येत नाही. तरीही फेकणं आपल्या हातात होतं, म्हणून जबाबदारी आपली. आपल्याकडे शंकराचार्य छांदोग्यभाष्यात सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त देतात. संदर्भ वेगळा आहे, हे विसरू नका. तिथे प्रश्न असा की ज्ञान झालं तर ज्ञान्याचं शरीर तत्क्षणी का पडत नाही. उत्तर असं की संचित जळतं, पण फळ द्यायला लागलेलं प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखं आपला वेग संपेपर्यंत जातं. ज्ञानाने बाण थांबत नाही.

मॅकार्थींनी याच विचाराचं एक यंत्र बनवलंय. 'बोलितो'. रायनर त्याचं वर्णन करतो तेव्हा आपण अस्वस्थ हसतो. गळ्यात टाकायचा तारेचा फास आणि त्याला जोडलेली छोटी मोटर. एकदा सुरू झाली की फास आवळत जातो, थांबवायची सोय नाही. टाकणारा फास टाकून निघून जातो, त्याला उभं राहण्याचीही गरज नसते. पुढे लंडनच्या भर रस्त्यात वेस्ट्रेच्या गळ्यात तो पडतो, तो प्रसंग भयंकर आहे. पण लक्षात घ्या, वेस्ट्रे हा सर्वांत सावध माणूस होता. मी कशातच अडकलेलो नाही, केव्हाही उठून चालू लागेन, असं म्हणणारा. वैराग्याची ती एक नक्कल होती. बायकांचा मोह तेवढा सुटला नव्हता, आणि फास त्याच वाटेने आला.

आणखी एक तपशील बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. टोळी तो टँकर परत मिळवते. गोळ्यांची भोकं बुजवली जातात, माल शिकागोला पोचतो. नुकसान शून्य! तरीही सूड थांबत नाही. म्हणजे ही वसुली नाही, आणि रागही नाही. कायद्यात शिक्षेला माप असतं, इथे माप नाही, आणि म्हणून तडजोडही नाही. वकिलाचं सगळं आयुष्य मापावर आणि तडजोडीवर उभं असतं. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, दया अर्ज, बाहेरची समजूत. कुठेतरी कोणीतरी ऐकून घेणारा बसलेला आहे, हा त्याचा धर्मच म्हणा.

म्हणून या चित्रपटाचं केंद्र आम्ही त्या फोनच्या प्रसंगात मानतो. रुबेन ब्लेड्सने केलेला 'हेफे', टोळीतला वरचा माणूस, वकिलाशी बोलतो. आवाज चढत नाही. सभ्यपणे, प्राध्यापकी थाटात बोलतो. (आम्हाला थोडी लाज वाटली.) त्याचं म्हणणं असं : तू आता चौकात उभा आहेस आणि वाट निवडायची आहे असं तुला वाटतं, पण ती निवड केव्हाच झालेली आहे, चूक ज्या जगात केलीस आणि ज्या जगात ती पुसू बघतोस, ती दोन जगं एक नाहीत. मग तो अंतोनिओ माचादो या स्पॅनिश कवीची गोष्ट काढतो. माचादो शिक्षक होता, त्याची कोवळ्या वयाची बायको लेओनोर लग्नानंतर तीनच वर्षांत, १९१२ साली गेली. वकील बिचारा कळवळून सांगतो की मी काही कवी होणार नाहीये. हेफे विचारतो, तिच्या जागी तू स्वतः यातना सोसशील का? वकील ओरडून हो म्हणतो. हे ऐकून बरं वाटलं, असं हेफे म्हणतो. मग हे शक्य आहे का? नाही, अशक्य आहे. आणि आता आणखी काही फोन करायचे आहेत, वेळ उरला तर जरा डुलकी काढावी म्हणतो.

ती डुलकी आम्हाला विसरता येत नाही. तत्त्वज्ञान इथे चूक नाही बरं का. प्रत्येक वाक्य तपासा, बरोबर आहे. पण ज्याच्या हातात सोडवणं आहे तोच माणूस 'आता काही करता येत नाही' हे सत्य म्हणून सांगतो. आपली मर्जी तो विश्वाच्या नियमासारखी मांडतो. लॉराला सोडणं अशक्य नव्हतं. ते अशक्य आहे असं ठरवणारे लोक होते, आणि त्यांतला एक फोनवर होता. आमच्या धंद्यातल्या माणसांनी हा प्रसंग दोनदा पाहावा. हानाह आरेंटने १९५८च्या ग्रंथात म्हटलंय की कृती मागे घेता येत नाही, यावर माणसांपाशी एकच उतारा आहे, क्षमा; आणि उद्याची शाश्वती नाही, यावर दुसरा, वचन. या चित्रपटात वचन म्हणजे ती अंगठी, आणि क्षमेची जागा म्हणजे मालकिनाचा कबुलीजबाब. तिथे तिला क्षमा नकोच असते, नुसतं बोलायचं असतं, आणि पाद्री घाबरून पळ काढतो. दोन्ही उतारे असे वाया घालवूनच लेखक हेफेला फोनवर आणतो.

प्रेक्षक का चिडले, यावर आमचा एक अंदाज आहे. महिनाभरच आधी, २०१३च्या सप्टेंबरअखेर, 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका संपली होती. तिथेही एक व्यावसायिक, रसायनशास्त्राचा शिक्षक, अमली पदार्थांत उतरतो. पण तो त्यात तरबेज होतो, आणि आपण गुपचूप त्याच्या बाजूने असतो. (तिथला पोलीस अधिकारी झालेला डीन नॉरिस इथे माल विकत घेणारा म्हणून दिसतो, ही गंमत.) लोक तीच अपेक्षा घेऊन आले : वकील आता डोकं लढवेल. वकील काहीच लढवत नाही. फोन करतो, रडतो, हुआरेझच्या हलक्या हॉटेलात दार लावून बसतो.

आता दोष. सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतात, हे खरंच आहे. हिरेव्यापारी, दलाल, गुंड, सगळ्यांनी एकाच ग्रंथालयाचं कार्ड काढल्यासारखं वाटतं. १३८ मिनिटांची लांब आवृत्ती आहे, तिच्यात तर आणखी बोलणं आहे. आमच्यासारख्याला ते चालतं, इतरांनी ११७ मिनिटांचीच पाहावी.

पण आमची खरी तक्रार दुसरी आहे. सगळ्या कटाच्या मुळाशी कॅमेरॉन डियाझची मालकिना आहे. चित्ते पाळणारी, अंगावर चित्त्याचे ठिपके गोंदवून घेतलेली. पुरुषांनी चालवलेल्या एवढ्या अफाट धंद्यातलं सारं पाप शेवटी एका बाईच्या भुकेवर येऊन थांबतं. हे आम्हाला सोपं वाटलं, मॅकार्थींसारख्याला न शोभणारं.

आणि समोर लॉरा. पेनेलोपे क्रूझला इथे दोनच कामं आहेत, प्रेम करणं आणि नाहीसं होणं. तिचं प्रेत कचऱ्याच्या डेपोत टाकलं जातं. हुआरेझ हे काल्पनिक शहर नाही हो. १९९३पासून तिथे शेकडो मुली आणि बायका मारल्या गेल्या, कितीतरी कारखान्यांत काम करणाऱ्या. २००१च्या नोव्हेंबरात एका कापसाच्या शेतात आठ जणींची प्रेतं सापडली. त्यांपैकी तिघींच्या घरच्यांनी दाद मागणं सोडलं नाही, आणि २००९ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मेक्सिको राज्याला जबाबदार धरलं. मुली परत आल्या नाहीत. पण अपील झालं, ऐकलं गेलं, निकाल लागला. ज्या शहरात हेफे अपील नाही म्हणतो, त्याच शहरातल्या आयांनी ते करून दाखवलं, चित्रपटाच्या चार वर्षं आधी.

चित्रपटाला ते शहर प्रत्यक्षात दिसलेलं नाही, चित्रीकरण इंग्लंड-स्पेनमध्ये झालं. वकिलाच्या खोलीत एक चकती येते. तिच्यावर स्पॅनिशमधला साधा 'नमस्कार' लिहिलेला असतो. तिच्यात काय आहे ते त्याला आणि आपल्याला न लावताच कळतं, आणि स्कॉट ती लावून दाखवत नाही, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. पण त्या खोलीतही कॅमेरा वकिलाच्या तोंडावर आहे. तिच्या आईने ती चकती कुठे शोधली असती, हे विचारायला तिथे कोणी नाही.