पालखी गेली, गड मागे राहिला

दिवाळी तोंडावर आली की आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटा रचायच्या, वर चिखलात बुडवलेले पोते पसरायचे, त्यावर हळीव-मोहरी पेरायची. मी पडलो शाळामास्तर. सणासुदीलाही तपासणीची खोड जात नाही. गेल्या वर्षी एका पोराच्या पन्हाळ्यावर तळे होते, तोफा होत्या, महाराज होते. मी थट्टेने विचारले, "आणि यांचं धान्य कुठाय रे?" त्याने तटाआड मांडलेल्या तीन आगपेट्या दाखवल्या. "ह्यो काय अंबरखाना, गुरुजी!"

मी ओशाळलो. पन्हाळ्याच्या वेढ्यावर मी स्वतः एक कादंबरी लिहिली आहे, आणि तिच्यात चार महिने कोणी घासभर जेवलेले नाही!

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'पासून आमच्या कादंबरीतला किल्ला म्हणजे एका रात्रीत चढून जायची जागा. हरिभाऊंना बोल लावण्याचे कारण नाही. कोंढाणा १६७० साली तसाच आला. कोंडाजी फर्जंदाने साठ गड्यांनिशी १६७३ साली पन्हाळा घेतला, तोही तसाच. पण ते गड घेणे झाले. गड राखणे निराळे, आणि ते आम्हांला लिहिता आलेले नाही.

१६६० चेच पाहा. मार्चात सिद्दी जौहरचा वेढा पडला. राजापूरचे इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. पन्हाळ्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्यालाच कळेल की त्या पावसातही वेढा न उठवणारा जौहर काय चिकाटीचा होता. जुलैच्या काळोख्या रात्री महाराज निसटले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसला, बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले. इथे लेखणी आपोआप धावते. धावावीच. पण ती पालखीबरोबर गड उतरते ती पुन्हा वर येतच नाही. गड तर पडला नव्हता! तो तहाने आदिलशहाकडे गेला सप्टेंबरात. मधले दोन महिने वर जी माणसे राहिली, त्यांना आमच्या वाङ्मयात नाव नाही की गाव नाही.

किल्ल्याचे खरे काम हेच की शत्रूची फौज एका जागी बांधून ठेवायची. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसायादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याच्या जोडीला तमिळ मुलखातली जिंजीही आहे. तिने १६९० ते १६९८ अशी जवळजवळ आठ वर्षे मोगलांची फौज अडकवून ठेवली. असे काम तलवारीच्या जोडीला नाचणी-वरीवर आणि पाण्यावर चालते. अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या पाहाव्यात. अंधारबावीत उतरून पाहावे. विहीर कसली, पाण्यासाठी बांधलेला तीन मजल्यांचा बुरूजच तो!

कोणी म्हणेल, कोठीतल्या धान्यावर कादंबरी कोण वाचणार? माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, तेव्हा मोठ्यांचाच आधार घेतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितले आहे. नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असे त्यांचे म्हणणे. गडावरचा केर जाळून राख परसात टाकावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, इथपर्यंत त्यांची नजर पोचते. तोफ धडाडते आहे आणि कोणी बाई कळशी घेऊन बारीक होत चाललेल्या धारेखाली उभी आहे, यापेक्षा कादंबरीकाराला आणखी काय हवे? आम्ही पंतांचे पुस्तक प्रस्तावनेत मिरवतो आणि प्रकरणांत विसरतो.

माझी जुनी कादंबरी आता दुरुस्त होण्यासारखी नाही. नवी घेतली आहे. ती १३ जुलैच्या सकाळी सुरू होते. गडावर पाऊस आहे, महाराज नाहीत, आणि कोठीवाला उरलेल्या नाचणीचे माप घेतो आहे. तीन पाने झाली आहेत.