अपूर्ण वेस पूर्ण करावी का? प्रागचा दारूबुरूज आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

मित्रहो, गेल्या वेळी आपण ‘अस्सल’ या शब्दाचा विचार केला होता. आज त्याच प्रश्नाला एका इमारतीसमोर उभं करू. अमूर्तात सगळे सिद्धांत छान चालतात. दगडासमोर उभे केले की लंगडायला लागतात.

इमारत आहे चेक देशाची राजधानी प्राग इथली. जुन्या शहराच्या पूर्वेकडची ही वेस सुमारे पासष्ट मीटर उंच आहे. काळवंडलेला दगड, टोकदार छप्पर, कोपऱ्यांवर छोटे मनोरे, अंगभर मूर्ती. चेक भाषेत तिला ‘प्राश्ना ब्राना’ म्हणतात, म्हणजे दारूची वेस. हसू नका, ही बंदुकीची दारू! आपल्या गडांवर दारूकोठार असतं ना, तसं इथे एके काळी दारू साठवत, म्हणून हे नाव. आपण तिला दारूबुरूज म्हणू.

पाहणाऱ्याला वाटतं, वा! केवढी मध्ययुगीन वास्तू! आणि मग मार्गदर्शक पुस्तिका सांगते की यातलं बरंचसं काम १८७८ ते १८८६ या काळातलं आहे, योसेफ मोकर नावाच्या वास्तुविशारदाचं. पाहणारा हिरमुसतो. म्हणतो, म्हणजे हे खोटंच की! माझं म्हणणं असं की हा हिरमोड चुकीच्या जागी होतो. या बुरुजाबद्दल तक्रार करायला जागा आहे, पण ती तक्रार वेगळी आहे.

आधी इतिहास, थोडक्यात. १४७५ मध्ये राजा व्लादिस्लाव दुसरा याने या बुरुजाची पायाभरणी केली. शेजारीच त्याचा वाडा होता. कुत्ना होरा इथल्या चांदीच्या खाणींकडून येणारा रस्ता इथे शहरात शिरत होता. तेव्हा वेशीला संरक्षणाचं काम फारसं उरलं नव्हतं. हवा होता तो राजाला शोभेल असा थाट. नमुना समोरच होता: चार्ल्स पुलाच्या तोंडाशी पेटर पार्लरच्या परंपरेतला चौदाव्या शतकातला पूलबुरूज. काम पुढे मात्येय रेयसेककडे आलं. हा गृहस्थ मूळचा शाळामास्तर, नंतर दगडाकडे वळलेला. बुरुजाचं नाव तेव्हा साधं होतं, ‘नवा बुरूज’.

आणि मग १४८३ मध्ये प्रागमध्ये उठाव झाला. धार्मिक तंटा होता, सत्तेचाही होता. शहरातल्या वाड्यात राहणं राजाला सुरक्षित वाटेना. त्याने मुक्काम नदीपलीकडच्या टेकडीवरच्या किल्ल्यात हलवला. राजा गेला तसा बुरुजाचा हेतूच गेला. ज्याच्या शोभेसाठी बांधकाम काढलं तोच शेजार सोडून गेल्यावर पैसे कोण घालणार? काम थांबलं, वर कामचलाऊ छप्पर आलं. पुढे दारू साठवली गेली. १७५७ मध्ये प्रशियाच्या सैन्याने शहराला वेढा घातला, त्यात कोरीव कामाचं बरंच नुकसान झालं. म्हणजे मोकरच्या हाती जो बुरूज आला तो जखमी तर होताच, पण मुळात कधी पुराच झालेला नव्हता.

इथे तत्त्वज्ञानाची खरी मेख आहे. ‘मिलिंदपञ्ह’मधला रथ आपल्याला ठाऊक आहे. नागसेन विचारतो, महाराज, रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? यातलं कुठलंच एक रथ नाही. एकत्र आल्यावर आपण त्याला रथ म्हणतो. जीर्ण इमारतीचा दगड बदलला की हाच प्रश्न येतो: किती बदलल्यावर ती ‘तीच’ राहत नाही? पण निदान तिथे रथ एकदा तरी जोडलेला होता! दारूबुरूज कधीच पूर्ण जोडला गेला नाही. मग मोकरने पूर्ववत केलं ते काय? ‘पूर्व’ असं काही नव्हतंच.

मोकरच्या काळात यावर दोन टोकाची मतं होती. फ्रान्सच्या व्हियोले-ल-द्यूकने १८६६ मध्ये जीर्णोद्धाराची व्याख्याच अशी केली की इमारतीला संपूर्ण अवस्थेत आणायचं, मग ती अवस्था प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसली तरी चालेल. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ मध्येच याला साफ खोटेपणा म्हटलं होतं. आणि विल्यम मॉरिसने अशा जीर्णोद्धाराविरुद्ध संस्था काढली ती १८७७ मध्ये, मोकरने इथे काम सुरू करण्याच्या आदल्या वर्षी. मोकर पहिल्या पंथाचा. व्हिएन्नात फ्रीडरिख श्मिटच्या हाताखाली शिकलेला, प्रागच्या सेंट व्हीटस कॅथीड्रलचं शतकानुशतकं रखडलेलं काम पुढे नेणारा. अपूर्णता ही त्याच्या दृष्टीने उणीव होती, भरून काढायची गोष्ट. त्याने छप्पर चढवलं, आतली कमानदार छतं केली, मूर्ती बसवून घेतल्या. चेक राजांच्या ज्या चार मूर्ती आज दिसतात, प्रेमिसल ओतोकार दुसरा, चौथा चार्ल्स, पोडेब्राडचा यिर्झी आणि स्वतः व्लादिस्लाव, त्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. व्हिएन्नाच्या सम्राटाच्या राज्यात राहणाऱ्या चेक समाजाला आपले राजे आपल्या वेशीवर उभे राहिलेले पाहायचे असतील, तर त्यात नवल नाही.

आता मोकरच्या बाजूने बोलतो, कारण त्याला शिव्या घालणं फार सोपं झालंय. १८७० च्या दशकात प्रागचे तट पाडायला सुरुवात झाली होती. घोडेबाजाराकडची वेस, म्हणजे आजच्या व्हाक्लाव चौकाच्या वरच्या टोकाची, याच दशकात गेली. रहदारी वाढत होती, आणि वेशी हा अडथळा होता. अशा वेळी कामचलाऊ छपराचं, तुटक्या नक्षीचं एक कोठार रस्त्यावर उभं आहे. ‘त्याची अपूर्णता हीच त्याची कथा आहे’ असं आपण आज म्हणतो. तेव्हा किती जणांनी ऐकलं असतं? बुरूज सुंदर आणि पुरा झाला, आणि टिकला. पूर्ण होणं ही कदाचित जगण्याची किंमत होती. हे विसरून केलेली टीका मला पुस्तकी वाटते.

मग तक्रार काय? ती समजून घ्यायला त्याच शहरात वीस-एक मिनिटं चालावं लागेल. मघाशी मी पूलबुरुजाचा उल्लेख केला, ज्याच्या नमुन्यावर हा बांधला. राज्याभिषेकाचा मार्ग दारूबुरुजापासून निघून तिथूनच पुलावर आणि पुढे किल्ल्यावर जाई. १८३६ पर्यंत तिथे राज्याभिषेक होत राहिले. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने पुलाच्या बाजूने हल्ला चढवला आणि पूलबुरुजाच्या पश्चिमेकडची सगळी सजावट उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा केली गेली नाही. शहराकडून पाहिलं तर भरगच्च मूर्ती. पुलावरून पाहिलं तर जवळजवळ उघडी भिंत. कुणालाही विचारावंसं वाटतं, इथे काय झालं? आणि उत्तर म्हणून १६४८ साल पुढे येतं. गंमत म्हणजे या बुरुजाची दुरुस्तीही मोकरनेच केली, १८७४ ते १८७८ मध्ये.

दारूबुरुजासमोर कुणी विचारत नाही, इथे काय झालं? १४८३ चा उठाव, राजाचं निघून जाणं, चारशे वर्षांचा थांबा, यातलं काहीही त्या दगडातून ऐकू येत नाही. माझी तक्रार ही आहे. मोकरने नवीन काही जोडलं हा दोष नाही. जोड दिसू नये अशा रीतीने जोडलं, हा दोष आहे. शहराने एकदा राजाला घालवलं होतं याचा पुरावाच त्या थांबलेल्या कामात होता. त्यावर त्याने राजाला हवा तसा संपूर्ण बुरूज बसवला. पुढे शहराच्या धुराने जुना आणि नवा दगड सारखाच काळा केला, आणि उरलीसुरली शिवणही झाकली.

‘मग मोकरचं काम काढून टाकायचं का?’ अजिबात नाही. त्याच साम्राज्यात व्हिएन्नाच्या अलॉइस रीग्लने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांची फोड केली. वास्तूला इतिहासाचा दाखला म्हणून मूल्य असतं आणि काळाच्या खुणांमुळे आलेलं वयाचंही मूल्य असतं, आणि ही दोन्ही एकमेकांशी भांडतात. त्या हिशेबाने मोकरचं छप्पर आता स्वतःच दाखला आहे, जवळपास दीडशे वर्षांचा. ते पाडून रेयसेकचा अर्धवट बुरूज परत आणणं म्हणजे मोकरचीच चूक उलट्या दिशेने करणं. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलेलं शहाणपण साधं आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवं काम नवं म्हणून ओळखू यावं.

मराठीत आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा फार मोठा शब्द आहे. त्यात ‘उद्धार’ आहे. जीर्णाला वर काढणं. देवळाच्या बाबतीत तो अर्थ चपखल बसतो, कारण देऊळ चालू असतं, पूजा चालू असते, दगड बदलला तरी देव तोच. पण स्मारकाचा उद्धार करताना आपण त्याला कशातून वर काढतोय? पडझडीतून काढत असू तर उत्तमच. पण अनेकदा आपण त्याला त्याच्या इतिहासातूनच वर काढून ठेवतो. हा भेद करायला शब्द हवा असेल, तर मी ‘जतन’ हा साधा शब्द सुचवेन. जतनात आहे ते सांभाळायचं असतं, नव्हतं ते मिळवून द्यायचं नसतं.

एक गोष्ट मात्र मोकरला पुसता आली नाही. बांधणाऱ्यांचं नाव होतं ‘नवा बुरूज’. मोकरने तो राजांच्या मूर्तींनी सजवला. लोक अजूनही म्हणतात दारूची वेस. रिकामा पडलेला राजाचा थाट, त्यात ठेवलेली दारूची पिंपं, म्हणजे ज्या काळाला मोकरने उणीव मानलं, तो सगळा काळ त्या नावात जसाच्या तसा आहे. दगडाचं जतन वास्तुविशारद करतो, पण नावाचं जतन रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं करतात. पुढच्या वेळी एखाद्या नव्याने लखलखीत केलेल्या वास्तूसमोर उभे राहाल, तेव्हा हे खरं की खोटं असं विचारू नका. इथे काम कधी थांबलं होतं आणि का, हे विचारा. आणि ते त्या भिंतीवर अजून वाचता येतं का, तेही पाहा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.