चाल उतरल्यावर काय उरते?

गाजलेली कविता ती हलकी आणि कोणी न वाचलेली ती श्रेष्ठ, असा एक समज आपल्या कविसंमेलनांतून अजून टिकून आहे. उलट टोकाचा समज असा की, चाल लागली, टाळ्या पडल्या, म्हणजे कविता जिंकली. दोन्ही समज तपासून पाहायला हवेत.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटाने ती घरोघर नेली; पण ती चित्रपटासाठी रचलेली नव्हती. जात्याची आणि शेताची लय त्या शब्दांत आधीच होती. पुढे 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटाने तर नावच बहिणाबाईंच्या शब्दांतून घेतले. त्यात विठ्ठल वाघांचे वऱ्हाडी मातीतले गीत गाजले. तिथेही पेरणीची लय ओळीत आधी होती, वाद्यांत नंतर आली. सोपेपणामुळेच हे यश मिळाले म्हणावे, तर ग्रेस यांची कविता सहजी उलगडत नाही. तरी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी ती अनेकांच्या ओठी बसवली. म्हणजे प्रश्न सोपे-अवघड हा नाही. शब्दाला स्वतःचा नाद आहे की नाही, हा आहे.

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात तो अधिकच बिकट होतो. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी, पडद्यावर हिंदी; मराठी मुख्यतः घरात, भजनात, संत्र्याच्या बागेत. आपला नवकवी मात्र एक तर हिंदी चित्रगीताच्या चालीत मराठी शब्द कोंबतो, नाही तर पुण्याच्या पुस्तकांतली भाषा उसनी आणतो. पहिली कविता चाल काढताच कोसळते. दुसरी जांब नदीकाठची गोटमारही परक्या पाहुण्यासारखी न्याहाळते.

दोष सिनेमाचा नाही. सिनेमा कविता दारापर्यंत पोचवतो. घरात राहायचे ते तिने स्वतःच्या बळावर. म्हणून कसोटी साधी ठेवावी. पेटी-तबला बाजूला सारून आपली कविता घरच्या माणसांना नुसती म्हणून दाखवावी. चार दिवसांनी त्यांच्या बोलण्यात त्यातला एखादा शब्द आला, तर ती कविता जगली. नाही तर टाळ्या चालीला पडल्या होत्या, असे खुशाल समजावे.